मी एकटीनं नाही दिले तर?

चुलीवर काही ठेवलं असेल तर आच बारीक करा आणि वीसेक मिनिटं माझ्याजवळ बसा. आजचा विषय तुमच्या-माझ्या रोजच्या ऐकण्यातला आहे, पण त्यावर आपण उघड बोलत नाही. चहापाण्याचा विषय.

मागच्या महिन्यात आमच्या गटाची बैठक होती. हप्ते जमा झाले, वही लिहून झाली, सह्या झाल्या. चहा आला तेव्हा एका काकूंनी तोंड उघडलं. त्यांच्या मुलीला शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला पाहिजे. कागद सगळे दिलेत, पावतीही हातात आहे, तरी तीन खेटे झाले. तिसऱ्या खेपेला तिथल्या एका माणसानं हळूच सांगितलं, "तीनशे द्या, उद्या घेऊन जा." काकूंनी हिशोब मांडला. एका खेपेचं एसटीचं भाडं आणि बुडालेला रोज धरला तर दोन खेपांतच तीनशेच्या वर जातात. मग त्या म्हणाल्या, "मी एकटीनं नाही दिले तर माझ्या पोरीचं अडेल. मागं उभी असलेली बाई देईल आणि पुढं जाईल. माझ्या तीनशे रुपयांनी काही देशातला भ्रष्टाचार थांबत नाही. मग मी का नाही द्यायचे, सांगा."

सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या, कारण गटात शिकलेली म्हणून माझं नाव आहे. आणि मी गप्प. कारण मीही दिलेले आहेत. सासरे गेले तेव्हा सातबाऱ्यावर वारसांची नावं लावायची होती. आठ महिने फिरलो. शेवटी दिराच्या हातून पाकीट गेलं आणि पंधरा दिवसांत नोंद झाली. त्या दिवशी सासूबाई रडल्या. मला वाटलं आनंदानं रडल्या. त्या म्हणाल्या, "आपल्याच जमिनीला आपलं नाव लावायला पैसे."

तर काकूंचा प्रश्न मी घरी घेऊन आले. ओळखीतल्या एक प्राध्यापक बाई आहेत, त्यांच्याकडून दोन-तीन पुस्तकं आणली, समजेना ते त्यांना विचारलं. तेव्हा कळलं की हाच प्रश्न जगातले मोठमोठे अभ्यासक चाळीस वर्षं विचारतायत. त्यांच्यात दोन तट आहेत. दोन्ही तुम्हाला सांगते. आपल्याला पटतंय का ते आपण आपल्या अनुभवावर घासून बघू.

पहिला तट म्हणतो, भ्रष्टाचार हा राखणदारीचा प्रश्न आहे. मालक शेतात नाही, गडी एकटा आहे, कणसं मोजलेली नाहीत, तर चार कणसं घरी जाणारच. रॉबर्ट क्लिटगार्ड नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं १९८८ साली याचं एक साधं गणित मांडलं. मी ते आपल्या भाषेत सांगते. मक्तेदारी अधिक मर्जी, वजा जाब. म्हणजे काय, तर एखादी वस्तू एकाच माणसाकडं मिळते, ती द्यायची की नाही हे त्याच्या मर्जीवर आहे, आणि त्याला जाब विचारणारं कुणी नाही. हे तिन्ही जुळलं की लाच आलीच. माणूस चांगला की वाईट हा प्रश्न नंतरचा.

रेशनवर लावून बघा. पूर्वी तुमचं कार्ड ज्या दुकानाला जोडलेलं, तिथंच जायचं. दुकानदार म्हणाला माल संपला, तर संपला. आता कार्ड दुसऱ्या दुकानात चालतं. ज्या गावाला जवळपास दोन दुकानं आहेत, तिथं दुकानदाराची भाषा जरा मऊ झाली की नाही? ही मक्तेदारी कमी झाली. जिथं दहा किलोमीटरवर एकच दुकान आहे तिथं मात्र फारसा फरक नाही, कारण कागदावर मोकळीक असली तरी पायाला ती नाही.

आता जाबाची गोष्ट. ही आफ्रिकेतल्या युगांडा देशातली. तिथं सरकार प्रत्येक प्राथमिक शाळेला मुलामागं ठरावीक अनुदान द्यायचं. १९९१ ते १९९५ या काळात ते खरंच शाळेत पोचतं का, हे दोन अभ्यासकांनी तपासलं. रित्वा राइनिक्का या बाई आणि याकोब स्वेन्सन. त्यांनी अडीचशे शाळांच्या वह्या बघितल्या. सरकारनं शंभर सोडले तर शाळेत सरासरी तेरा पोचत होते. तेरा! बहुतेक शाळांना तर काहीच मिळत नव्हतं. बाकीचे मध्येच, जिल्ह्याच्या पातळीवर जिरत होते. आणि जिथले पालक जरा बऱ्या परिस्थितीतले, त्या शाळांना जास्त मिळत होतं. म्हणजे गरिबांच्या नावानं निघालेला पैसा गरिबाच्या शाळेलाच सगळ्यात कमी.

मग सरकारनं एक साधी गोष्ट केली. कोणत्या जिल्ह्याला कोणत्या महिन्यात किती रक्कम पाठवली ते वर्तमानपत्रात छापायला सुरुवात केली. शाळेनंही आलेली रक्कम दारावर लावायची. २००१ पर्यंत शंभरातले ऐंशीच्या आसपास शाळेत पोचायला लागले. जिथं वर्तमानपत्र जवळ मिळत होतं, त्या शाळांची सुधारणा जास्त होती. काही अभ्यासकांनी पुढं म्हटलं की सगळं श्रेय वर्तमानपत्राला देऊ नका, त्याच काळात सरकारनं हिशोबाच्या इतरही सुधारणा केल्या होत्या. ते बरोबरच असणार. पण आपल्या कामाचं एवढं नक्की आहे, की किती आले हेच माहीत नसेल तर किती गेले हे विचारता येत नाही.

आपल्याकडं हे राजस्थानातल्या मजुरांनी दाखवलं. १९९० साली राजसमंद जिल्ह्यात मजदूर किसान शक्ती संघटना सुरू झाली. अरुणा रॉय, निखिल डे, शंकर सिंग ही नावं तुम्ही ऐकली असतील. दुष्काळी कामावर मजुरी पूर्ण मिळेना. विचारलं की उत्तर यायचं, मस्टरमध्ये तुमचं काम कमी भरलंय. मग मस्टर दाखवा म्हटलं, तर ते सरकारी कागद, दाखवता येत नाहीत. १९९४ च्या डिसेंबरमध्ये पाली जिल्ह्यात कोट किराना गावी त्यांनी पहिली जनसुनवाई घेतली. मिळवलेले कागद गावापुढं मोठ्यानं वाचले. कागदावर मजुरी घेतलेली माणसं आणि समोर बसलेली माणसं यांचा मेळच बसेना. १९९६ साली ब्यावरला चाळीस दिवस धरणं झालं, त्यात बायका मोठ्या संख्येनं होत्या. तिथून पुढं चालत चालत २००५ चा माहितीचा अधिकार आला. आपल्या राज्यात त्याआधीच तसा कायदा झाला होता, त्यामागं अण्णा हजारेंचं उपोषण होतं. आणि मस्टर म्हणजे काय हे आपल्या आया-आज्यांना वेगळं सांगायला नको. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेले हात अजून काही घरांत आहेत.

इथपर्यंत ऐकून वाटेल, झालं तर मग. माहिती उघडी करा, गावाला बोलवा, प्रश्न सुटला. मलाही वाटलं होतं. पण इंडोनेशियातला एक अभ्यास वाचला आणि मी थांबले. तो जरा सविस्तर सांगते, कारण तो आपल्या ग्रामसभेचाच आहे असं समजा.

जावा बेटावरची ६०८ गावं. प्रत्येक गावाला छोटा रस्ता बांधायला सरकारी पैसा मिळालेला. बेंजामिन ओल्केन नावाच्या अभ्यासकानं ठरवलं की चोरी किती होते ते कुणाला विचारायचं नाही, मोजायचं. रस्ता झाला की इंजिनीअर जाऊन रस्त्यात ठिकठिकाणी भोकं पाडायचे, आत दगड किती, वाळू किती, ते मोजायचे. त्या भागात वाळूचा भाव काय ते विचारायचे. मजुरांना किती रोज मिळाला ते विचारायचे. मग हा खरा खर्च आणि वहीत लिहिलेला खर्च यांतला फरक काढायचा. सरासरी चौथा हिस्सा गायब होता.

आता त्यांनी तीन प्रकार करून पाहिले. काही गावांना आधीच सांगितलं की तुमच्याकडं सरकारी तपासणी नक्की होणार, आणि तिचा निकाल गावाच्या सभेत वाचला जाणार. एरवी तपासणी शंभरात चार गावांची व्हायची. काही गावांत हिशोबाच्या सभेची आमंत्रणं घरोघरी वाटली. काही गावांत आमंत्रणाबरोबर एक कागदही दिला, नाव न लिहिता तक्रार टाका म्हणून.

निकाल काय लागला? तपासणी नक्की म्हटल्यावर गायब रक्कम शंभरामागं आठानं कमी झाली. आणि सभा? सभेला माणसं जास्त आली, बोललीही जास्त. पण एकूण चोरी फारशी कमी झाली नाही. आत पाहिलं तर गंमत अशी, की आमंत्रणं वाटलेल्या गावांत मजुरीतली चोरी कमी झाली, मालातली नाही. मजुरी कमी मिळाली तर माझ्या घरात कमी येतं, म्हणून मी उठून बोलते. वाळू कमी पडली तर रस्ता दोन वर्षांनी उखडणार, तोही सगळ्यांचा. शिवाय वाळू किती पडली हे मला उघड्या डोळ्यांनी कळतही नाही. म्हणून मी गप्प.

खरं सांगा, आपल्या ग्रामसभेत काय होतं? घरकुलाच्या यादीत नाव आहे का, यावर भांडण होईल. गटाराच्या कामाला किती सिमेंट लागलं, हा प्रश्न मी आजवर एकदाच ऐकलाय, आणि तो विचारणारा गवंडी होता.

आणखी दोन गोष्टी त्या अभ्यासात आहेत. तक्रारीचे कागद शाळेतल्या मुलांच्या हाती घरी पाठवले तिथं थोडा उपयोग झाला. गावातल्या पुढाऱ्यांच्या हातून वाटले तिथं नाही. कारण ते कोणाला वाटायचे हे पुढारीच ठरवणार. आणि दुसरी, जिथं तपासणी नक्की होती तिथं पैशाची चोरी कमी झाली, पण कामावर अधिकाऱ्यांच्या आणि पुढाऱ्यांच्या नात्यातली माणसं जास्त लागली. पाणी एका बाजूनं अडवलं की दुसऱ्या बाजूनं वाट काढतं, तसं.

मग तपासणारा कोण, हा प्रश्न येतोच. राखणदाराचा राखणदार कोण? रॉबर्ट वेड नावाच्या अभ्यासकानं १९८२ साली दक्षिण भारतातल्या कालव्यांवर लिहिलं. कालव्यावरचा इंजिनीअर शेतकऱ्यांकडून आणि ठेकेदारांकडून पैसे का घेतो? लोभ असेलच. पण त्यांनी दाखवलं की ती जागा मिळवायलाच त्यानं पैसे मोजलेले असतात. ते वसूल करायचे, वरच्याला द्यायचे, तो आणखी वर देणार. नाही दिले तर बदली. म्हणजे एखादा माणूस म्हणाला की मी घेणार नाही, तर त्याला त्या जागी राहताच येत नाही. शेपटाकडच्या शेतकऱ्याला पाणी का मिळत नाही याचं उत्तर कालव्यावर नाही, बदलीच्या कागदावर आहे. इथं राखणदारीचं गणित अडखळतं, कारण ज्यानं राखायचं तोही वाटेकरी आहे.

इथून दुसरा तट सुरू होतो. स्वीडनमधले बो रोथस्टाईन, आणि त्यांच्याबरोबरचे काही जण. ते म्हणतात, जिथं लाच हा अपवाद आहे तिथं राखणदार नेमून भागतं. जिथं लाच हीच रीत आहे तिथं तसं भागत नाही. तिथं प्रत्येक माणूस मनात हिशोब करतो की बाकीचे काय करणार. बाकीचे देणारच, तर मी न देऊन मूर्ख ठरणार. या लोकांनी केनिया आणि युगांडातल्या मुलाखतींवरून २०१३ साली लिहिलं. सगळे जण भ्रष्टाचाराला वाईट म्हणत होते. कुणालाही तो आवडत नव्हता. आणि तरी सगळे करत होते. तिरस्कार कमी पडत नव्हता, दुसऱ्यावरचा भरवसा कमी पडत होता.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बसले. आमच्या काकू दुसरं काय म्हणाल्या होत्या?

मग अशा ठिकाणी कधी फरक पडतो का? पडलाय. हाँगकाँगचं उदाहरण नेहमी देतात. साठ-सत्तरच्या दशकात तिथं सगळीकडं पैसे द्यावे लागत. दवाखान्यातल्या आयेला पाण्याच्या ग्लासासाठी, रुग्णवाहिकेच्या माणसाला पेशंट न्यायला. आग विझवणारे पाणी सोडण्याआधी पैसे मागत असं सांगतात. आणि त्या पैशाला तिथली माणसं काय म्हणायची? चहाचे पैसे. कुठं हाँगकाँग, कुठं आपण, पण शब्द एकच.

१९७३ साली पीटर गॉडबर नावाचा एक बडा इंग्रज पोलीस अधिकारी, चौकशी चालू असतानाच देश सोडून पळाला. लोक रस्त्यावर आले. १९७४ च्या फेब्रुवारीत एक स्वतंत्र आयोग नेमला गेला. तो पोलिसांच्या हाताखाली नाही, थेट गव्हर्नरला उत्तर देणारा. त्याच्या तीन शाखा. एक पकडणारी. एक, कार्यालयांची कामाची पद्धत तपासून लाच कुठं शिरते ते भोक बुजवणारी. आणि एक लोकांशी बोलणारी. गॉडबरला परत आणलं, चार वर्षांची शिक्षा झाली. सगळ्यांनी पाहिलं की मोठा मासाही जाळ्यात येतो. त्यानंच लोकांचा हिशोब बदलला. बाकीचे घाबरलेत, बाकीचे आता घेणार नाहीत, असं प्रत्येकाला वाटायला लागलं.

पण तेही सरळ झालं नाही. १९७७ साली पोलीसच आयोगावर चालून गेले, कचेरीत शिरून मारहाण केली. गव्हर्नरला माघार घ्यावी लागली, जुने बरेचसे गुन्हे माफ करावे लागले. मला ही माफीची गोष्ट महत्त्वाची वाटते. अभ्यासकांत यावर वाद आहेत, पण माझं मत असं की जिथं निम्मे लोक गुंतलेले आहेत तिथं मागचं सगळं उकरायला गेलं तर ते निम्मे कायम विरोधात राहणार. हाँगकाँग छोटं आहे, तिथं तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं, निवडून आलेलं सरकार नव्हतं, हेही लक्षात ठेवा. तिथलं उचललं आणि इथं लावलं, असं होत नाही.

रोथस्टाईन यांचं आणखी एक म्हणणं आहे, आणि ते आपल्याला झोंबणारं आहे. ते म्हणतात, चांगलं सरकार कशाला म्हणायचं? फक्त पैसे न खाणारं नाही. समोरचा कोण आहे हे न बघता नियमाप्रमाणं वागणारं. निःपक्षपाती. एका पैशाचीही लाच न घेता, फक्त आपल्या भावकीतला म्हणून कुणाला रांगेत पुढं घेतलं, तरी सरकार बिघडलं.

आता आपल्या गटाकडं बघू. मागच्या वर्षी आमच्या गटाला बँकेचं कर्ज मिळालं. वाटप ठरलं तेव्हा पहिलं कर्ज कुणाला गेलं? अध्यक्षबाईंच्या जावेला. लाच नाही, काही नाही. तिलाही गरज होती. पण तिच्या आधी दोघींचे अर्ज होते, त्यातली एक एकल बाई. तेव्हा कुणी बोललं नाही. मी सचिव होते, मीही बोलले नाही. वहीत तारीख माझ्याच अक्षरात आहे. हे मी अध्यक्षबाईंना विचारून सांगतेय. त्या म्हणाल्या, "सांग, माझं नाव तेवढं घेऊ नको."

मैत्रिणींनो, या विषयावर बोलताना एक गोष्ट हमखास येते. बायका आल्या की कारभार स्वच्छ होतो. २००१ साली दोन अभ्यास आले. ज्या देशांच्या संसदेत बायका जास्त, तिथं भ्रष्टाचार कमी, असं त्यांत दिसलं. मग बऱ्याच जणांनी ते उचललं. पेरू देशाच्या लिमा शहरात तर त्याआधीच वाहतूक पोलिसांचं काम बायकांकडं दिलं गेलं होतं, त्या पैसे घेणार नाहीत म्हणून. ऐकायला बरं वाटतं, नाही? पण दोनच वर्षांनी दुसऱ्या एका अभ्यासकानं विचारलं की बायका आल्या म्हणून कारभार सुधारला, की जिथं कारभार मुळात मोकळा आणि न्यायाचा आहे तिथंच बायका पुढं येऊ शकल्या? त्याच्या आकड्यांत दुसरं उत्तर जास्त बसत होतं. अॅन मेरी गोएट्झ या बाईंनी तर स्पष्ट म्हटलं की बायकांना झाडू समजू नका. पैशाचे व्यवहार जिथं ठरतात, त्या रात्रीच्या बैठकांत, हॉटेलांत बायकांना जागाच नसते, म्हणून त्या स्वच्छ दिसतात.

मला हे पटतं. आपल्या राज्यात पंचायतींत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. पण सरपंच बाई आणि सहीचा शिक्का नवऱ्याच्या खिशात, अशी गावं आपल्या ओळखीची आहेत. तिथं बाईचं नाव आलं म्हणून कारभार कसा बदलेल? दुसरीकडं पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यात राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी पाहिलं, की जिथं प्रधानपद बायकांसाठी राखीव होतं तिथं पिण्याच्या पाण्यावर जास्त खर्च झाला. कारण तिथल्या बायका पाण्याची तक्रार पुरुषांपेक्षा जास्त करत होत्या. म्हणजे बाई आल्यानं काय नक्की बदलतं, तर कशाबद्दल जाब विचारला जातो ते.

आता काकूंच्या तीनशे रुपयांकडं परत येते. कायद्याचं आधी सांगते, कारण इथं पाय घसरतो. २०११ साली कौशिक बसू हे केंद्र सरकारचे मुख्य आर्थिक सल्लागार होते. त्यांनी एक सूचना मांडली. आपल्या हक्काचं काम करून घ्यायला ज्याला लाच द्यावी लागते, त्या देणाऱ्याला गुन्हेगार धरू नका, फक्त घेणाऱ्याला धरा. म्हणजे देणारा पुढं येऊन सांगेल. खूप वाद झाला. काहींचं म्हणणं, यानं लाच देणं सोपंच होईल. २०१८ साली कायदा बदलला तो काहीसा मधला आहे. लाच देणं हाही गुन्हा. पण तुम्हाला भाग पाडलं असेल, आणि दिल्यापासून सात दिवसांच्या आत तुम्ही पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवलं, तर तुम्ही गुन्हेगार नाही. आणि देण्याआधीच लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला कळवून त्यांच्या सांगण्याप्रमाणं पैसे दिले, तर तोही गुन्हा नाही. सापळा लावतात तो असाच. त्यांचा फोन १०६४, पैसे पडत नाहीत.

पण तीनशे रुपयांसाठी सापळा लावायला गावातली कोणती बाई एकटी फोन उचलेल? उद्या त्याच कचेरीत जातीचा दाखला लागणार आहे, परवा रहिवासाचा. मी काकूंना ते सांगायला धजले नाही.

दुसरी वाट लोकसेवा हक्क कायद्याची आहे, २०१५ चा. कोणतं काम किती दिवसांत, फी किती, ते करणारा अधिकारी कोण आणि अपील कुणाकडं, हे त्या कचेरीत फलकावर लिहिलेलं पाहिजे. मुदत टळली की तीस दिवसांत पहिलं अपील. अधिकाऱ्याचा कसूर ठरला तर पाचशे ते पाच हजार रुपये दंड, तो त्याच्या खिशातून. पावती मात्र हवी. पावतीवर तारीख हवी. पावतीशिवाय मुदत कधी सुरू झाली ते दाखवता येत नाही, म्हणून "राहू द्या, मी बघतो" म्हणणाऱ्याच्या हातात कागद ठेवून येऊ नका.

गेल्या शनिवारी गटाची पुन्हा बैठक झाली. मी हे सगळं असंच सांगितलं, युगांडा आणि जावासकट. काकूंनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "म्हणजे मी एकटी मूर्ख ठरते हे त्या परदेशातल्या माणसांनाही कळलंय. मग एकटी जायचंच कशाला?" बाकीच्यांना विचारलं, कुणाकुणाचे कागद अडकलेत. हळूहळू हात वर झाले. उत्पन्नाचे चार, एक जातीचा, एका मावशींची संजय गांधी निराधार योजनेची पेन्शन, एक वारस नोंद. सात निघाले, एकाच गटात. आठवड्याला भेटणाऱ्या बायका, आणि एकमेकींचं हे आम्हाला माहीत नव्हतं.

आम्ही दोन गोष्टी केल्या. सातही पावत्यांचे नंबर आणि तारखा एका वहीत उतरवल्या, आणि प्रत्येकीची मुदत कधी संपते ते समोर लिहिलं. तिघींची आधीच संपली आहे. आणि ठरवलं की सातपैकी कुणीही पैसे द्यायचे नाहीत. दिले तर निदान वहीत लिहायचे, कधी, किती आणि कशासाठी. ओरडायचं नाही, पण लपवायचंही नाही. यावर एकीनं विचारलं, पोरीच्या अर्जाची शेवटची तारीखच आली तर? काकूंच्या मुलीच्या फॉर्मला अजून एकवीस दिवस आहेत. त्याचं उत्तर आमच्याकडं नाही. तेवढ्यासाठी आम्ही गटाच्या पैशातून काकूंच्या जाण्यायेण्याचं भाडं द्यायचं ठरवलं, म्हणजे खेपेचा भुर्दंड एकटीवर पडणार नाही. आणि हो, कर्जवाटपाची यादी अर्जाच्या तारखेप्रमाणं भिंतीवर लावायची, हेही त्याच बैठकीत ठरलं. ते अध्यक्षबाईंनीच सुचवलं.

परवा गुरुवारी सकाळच्या साडेआठच्या गाडीनं आम्ही सातजणी तालुक्याला चाललोय. तीन अपिलं लिहून तयार आहेत, एक आमच्या गटातल्या नववीतल्या मुलीनं लिहिलंय, अक्षर तिचं चांगलं आहे. फलक लावलाय का ते बघणार, नसेल तर त्याचाही अर्ज देणार. पुढच्या महिन्यात याच दिवशी, याच वेळी, काय झालं ते काकू स्वतः इथं येऊन सांगणार आहेत. तुमच्या गटात किती पावत्या अडकल्यात ते मोजलंत तर आपल्या केंद्रावर कळवा, नावं नको, आकडा पुरे. येते मी. नमस्कार.